चटईवरची आई

आमच्या उमुओडे गावात घरात एके निघाला तर कुणी ओरडत नाही. बायका हातातलं काम ठेवतात, कमरेचं कापड नीट करतात आणि दारातूनच हळू म्हणतात, "आलीस आई? बस. दमली असशील." एके म्हणजे आखूड, जाड अंगाचा, काळ्या-तपकिरी अंगावर पिवळट ठिपक्यांचा अजगर. इडेमिली नदीची ती लेक, म्हणून आमची आई. तिच्यासमोर साप हा शब्द काढायचा नाही. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, आईकडे कोण असं बघतं? आणि चुकून कुणाच्या हातून ती मेलीच, तर माणसासारखी पेटी करून, रडून-भेकून तिला पुरायचं. त्या घराकडे मग वर्षानुवर्षं लोक वेगळ्या नजरेनं बघतात.

आई घरात आली की दुसरं काम असतं उलोमाला बोलावायचं.

उलोमाला या कामावर कुणी नेमलं नव्हतं. लग्न होऊन ती या आळीत आली तेव्हा तिची सासू आईला भ्यायची, म्हणून नव्या नवरीनं पहिल्यांदा हात घातला, आणि तेव्हापासून ते तिच्याच अंगावर पडलं. एरवी ती पाम तेल काढायची. तळहात सदा लाल, तुकतुकीत. त्या तळहातांवर ती पांढऱ्या मातीची पूड घ्यायची, गुडघ्यावर बसायची, पूड आईच्या अंगावर फुंकायची आणि दोन्ही हात पोटाखाली सरकवून तिला अशी उचलायची, जशी रडून झोपलेली पोर उचलावी. मग छातीशी धरून नदीकाठच्या बांबूत नेऊन सोडायची. वाटेनं तिची बडबड चालू असायची. बहुतेक सुनेच्या तक्रारी.

"काय सांगू आई, माझ्या इफेडीनं कुठली पोरगी आणली! तिच्या माहेरी तुझ्या जातवाल्यांना कापून, मिरची घालून रस्सा करतात म्हणं. लहान हाय, समज न्हाई. तू मनावर घेऊ नको."

सून म्हणजे अनुली. डोंगरापलीकडची, खरोखरच त्या मुलखातली. ती हसायची आणि शेजारच्या इजेगोला म्हणायची, "रस्सा लई गोड लागतो, काकी. एकदा खाऊन बघा." इजेगो दोन्ही कान झाकून घ्यायची.

एक गोष्ट मात्र फक्त अनुलीला कळली होती. गेल्या दोन पावसांपासून उलोमाच्या डोळ्यांवर पडदा धरत होता, गार झालेल्या पेजेवर धरतो तसा. उलोमा बोलली नव्हती कुणाला. तेल ती आवाजावरून ओतायची, वाट पायानं ओळखायची. पण तिनं निवडलेल्या घेवड्यात खडे राहायला लागले होते. अनुली ते गुपचूप परत निवडायची आणि काही बोलायची नाही. सासू कितीही टाकून बोलली तरी एवढी लाज तिनं राखली होती.

हर्मातान सुटला होता तेव्हाची गोष्ट. उत्तरेचा तो कोरडा वारा आला की सकाळी अंगावर काटा येतो, ओठ फुटतात, सगळ्या गावावर धुळीचा पडदा असतो. इफेडी बाजारगावी मोटारसायकली दुरुस्त करायला गेला होता. उलोमा तेलाच्या घाण्यावर. अनुलीनं केनेला, तिच्या तान्ह्या पोराला, पुढच्या खोलीत चटईवर निजवलं आणि ती मागं पाणी तापवायला गेली. पाणी घेऊन आली तर पोराच्या पायाशी, चटईच्या कडेला, काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. आधी तिला वाटलं आपलंच कापड. मग ते कापड श्वास घेताना दिसलं.

"साप! अगं बया गं, साप!"

इजेगो कुंपणावरून धावत आली ती आधी तिच्यावरच खेकसली. "तोंड आवर की गं! कुणाला काय म्हणतीस?" तिनं दारातून एक नजर टाकली. तपकिरी, पिवळट, जाड वेटोळं, पोराच्या उबेला येऊन बसलेलं. इजेगोनं दोन्ही हात छातीवर घेतले. "आई आली! नातवाला बघाया आली!"

बघता बघता दाराशी आळी गोळा झाली. तान्ह्या पोरापाशी आई येऊन बसणं म्हणजे केवढं भाग्य. बायका हलक्या हातानं टाळ्या वाजवू लागल्या, स्वागताचं गुणगुणू लागल्या. आणि त्या गर्दीतून अनुली मागच्या अंगणातून कोयता आणून पुढं घुसायला लागली.

उडेझे म्हातारा दाराच्या चौकटीत आडवा झाला. भावकीत वडील तोच. "पोरी, कोयता खाली टाक."

"माझं लेकरू हाय आत!"

"आई लेकराला काय करीत न्हाई. माझ्या अंगावरून गेल्या हायत त्या, मी पाळण्यातला असताना. तुझा एक वार पडला ना, तर सगळ्या भावकीला सुतक. तुझ्या लेकरालाबी."

"आणि ती तुमची आई नसली तर?"

गुणगुणणं थांबलं. खरं सांगायचं तर कुणीच वाकून बघितलं नव्हतं. रंग दिसला, जाडी दिसली, सगळ्यांनी मान खाली घातली. आम्ही असेच बघतो आईला.

"उलोमाला बोलवा," उडेझे शेवटी म्हणाला. "ती उचलंल."

अनुली तिथंच दाराशी मटकन बसली. कोयता हातात तसाच. उलोमा उचलेल, म्हणजे उलोमाला काय दिसेल, हे त्या सगळ्या माणसांत एकटी तीच जाणत होती. आणि ते ओरडून सांगावं तर सासूची उभ्या गावात शोभा.

उलोमा आली ती हसतच. हाताला तेल, ते तिनं कापडाला पुसलं. "कुठं हाय माझी पाहुणी? केनेला बघाया आलीस व्हय? सून ओरडली व्हय तुझ्यावर?" कमरेच्या गाठीतून तिनं पांढऱ्या मातीचा खडा काढला, तळहातावर चुरला.

"आत्याबाई," अनुलीनं तिचा हात धरला. "जाऊ नका."

"सोड गं."

"आत्याबाई, घेवड्यात खडे ऱ्हातात."

उलोमाचा हात क्षणभर थांबला. बाकीच्यांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. उलोमानं हात सोडवून घेतला आणि ती आत गेली.

खोलीत उजेड कमीच. तिला चटई दिसली, चटईवर पोराचा काळसर आकार दिसला, आणि त्याच्या पायाशी एक तपकिरी धूसर ढीग. ढीगच नुसता. ती गुडघ्यावर बसली. आजवर इतक्या वेळा बसली होती की अंग आपोआप बसलं. तिनं पूड फुंकली.

अंगावर माती पडली की आई लाजते. तोंड वेटोळ्यात खुपसते, आवळून चेंडू होते, की मग खालून हात घालायचे. उलोमानं वाट बघितली. ढीग आवळला नाही. उलट पसरला. आणि मग आवाज आला. फार मोठा नाही. कुणीतरी दात आवळून, सावकाश, लांब श्वास सोडावा तसा. संपला. पुन्हा आला.

तिचे हात तोवर ढिगापासून वीतभर अंतरावर गेले होते.

ते तिनं मागं घेतले नाहीत. हलवलेच नाहीत.

"अनुली," ती म्हणाली. मान वळवली नाही. "कोयता ठेव. एकटी आत ये. पाय उचलून टाक, आपटू नको."

अनुली आत गेली.

"मला दिसत न्हाई," उलोमा म्हणाली. इतक्या हळू की दारातल्या लोकांना ऐकू आलंच असं नाही. पण आलं. "तू बघ. डोळं लावून बघ. डोकं कसं हाय सांग."

"अगं उलोमे, आईच्या तोंडावर असं..." इजेगो दारातून म्हणाली.

"इजेगो, गप."

अनुली वाकली. तिच्या माहेरच्या बायका बाजारात साप विकायच्या. डोकं कुणाचं कसं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. "रुंद हाय," ती म्हणाली. "वाळलेल्या मोठ्या पानागत. मधोमध बारीक काळी रेघ. मान बारीक, अंगाच्या मानानं लईच बारीक."

"नाकावर?"

"दोन टोकं हायत. बारकी, शिंगावाणी."

"डोळ्याखाली?"

"काळा डाग. तिकोनी."

उलोमानं डोळे मिटले. "एचिएतेका," ती म्हणाली.

दारातली सगळी माणसं एकदम मागं सरली, कुणाचा तरी पाय कुणाच्या पायावर पडला. एचिएतेका म्हणजे 'उद्या फार लांब आहे'. ज्याला चावला त्याला उद्या दिसत नाही, म्हणून ते नाव. पालापाचोळ्यात पडून राहतो, आईसारखाच जाड, आईसारखाच सुस्त. पाय पडेपर्यंत हलत नाही. आणि केनेचा पाय त्याच्या अंगापासून चार बोटांवर होता.

पोर जागं झालं. त्यानं गुडघे पोटाशी घेतले, पुन्हा लांब केले. टाच चटईवर आपटली. तो लांब श्वास पुन्हा आला.

"मुसळ," उलोमा म्हणाली.

कसाव्याचे कंद कुटायचं माणसाएवढं मुसळ कोपऱ्यात उभं होतं. अनुलीनं ते आडवं करून जमिनीलगत सरकवलं. तोवर उलोमानं अंगावरचं वरचं कापड सोडून, त्याचा बोळा करून ते हळूहळू चटईवर ठेवलं होतं. मुसळाच्या टोकानं ती ते कापड पुढं लोटू लागली, पोराच्या टाचा आणि तो ढीग यांच्या मधल्या फटीत. तिला फट दिसत नव्हती. "उजवीकडं," अनुली कुजबुजायची. "आणखी. थांबा. आता फुडं. थांबा, थांबा!"

"आता तू केनेच्या डोक्याकडून जा. त्याच्या अंगाखालचं फडकं धर. ओढ. झटका देऊ नको."

अनुलीनं फडकं धरलं. पोर आईचं तोंड उलटं दिसल्यावर हसलं, आणि हसताना त्यानं दोन्ही पाय झाडले.

काय झालं ते कुणी बघितलं असं म्हणता येत नाही. दगड भिरकावल्यासारखा कापडावर धप्पकन आवाज झाला, तेवढाच. अनुली पोराला घेऊन भिंतीवर जाऊन आदळली. केने किंचाळायला लागला. ती त्याचे पाय धरून, उलटेसुलटे करून, बोटाबोटाच्या फटीत बघत होती.

उलोमा तशीच गुडघ्यावर. मुसळ हातात. "माझ्या हाताला बघा कुणी," ती म्हणाली. "मला कळंना. मला काय बी कळंना."

हात शाबूत होता. कापडाच्या घडीवर दोन ओले पिवळसर डाग पडले होते.

मग उडेझेनं आणि गड्यांनी कोयत्यानं त्याचे तुकडे केले. कुणी आनंदानं ओरडलं नाही. काठीनं जबडा उघडून बघितला तर दात बोटाच्या पेराहून लांब. म्हाताऱ्यानं खोल खड्डा खणायला लावला, तरी पुरताना तोंडातल्या तोंडात तो आईची माफी मागत होता. मघाशी आपण सगळ्यांनी टाळ्या कुणासाठी वाजवल्या, हे त्याच्याही डोक्यात आलंच असणार.

इजेगो उलोमाशेजारी येऊन बसली. म्हणाली, "उलोमे, पावसाळ्यात माझ्या यामकंदांच्या वखारीतनं आई नेलीस ती? लई जड हाय म्हणालीस ती?"

उलोमानं मान डोलावली.

"ती श्वास टाकीत हुती का गं?"

"टाकीत हुती," उलोमा म्हणाली. "मला वाटलं, माझाच दम."

वखारीच्या तोंडाशी त्या दिवशी इजेगोच्या पोरी खेळत होत्या. इजेगो उठून घरी गेली. तिथून तिच्या रडण्याचा आवाज आला.

त्यानंतर आळीत कुणी चटई जमिनीवर घातली नाही. घरात शिरताना माणसं उंबऱ्यावर थांबायला लागली. आई आली म्हणून गुणगुणणाऱ्या बायका आता आधी पोरं मोजायच्या. आणि उलोमा घाण्यावर बसून राहायची, हात मांडीखाली धरून.

हर्मातान सरत आला तेव्हा खालच्या आळीतून निरोप आला, चुलीमागं आई बसलीय. उलोमा सवयीनं उठली आणि पुन्हा बसली.

"चल की," ती सुनेला म्हणाली.

"मी न्हाई. तुमची आई तुम्ही बघा, आत्याबाई. मला लेकरू हाय."

"हात लावू नको. नुसतं डोळं दे."

अनुलीनं केनेला इजेगोच्या कडेवर दिलं आणि ती सासूच्या पुढं चालली. त्या घरातली माणसं अंगणात उभी होती, एकाच्याही तोंडून स्वागताचा शब्द नाही. अनुली चुलीमागं वाकली. फार वेळ वाकून राहिली.

"डोकं बारीक हाय. मानेवर बसल्यागत. शिंगं न्हाईत. डाग न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

उलोमानं पूड फुंकली. हात पुढं केले. ते वीतभर वर येऊन थांबले.

"परत बघ."

"बघितलं आत्याबाई. आईच हाय." तिच्या तोंडून तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला. "तोंड खुपसलं बघा तिनं."

"परत बघ, अनुली."

अनुलीनं पुन्हा बघितलं. मग तिनं सासूची दोन्ही मनगटं धरली आणि खाली नेली. हाताखाली ते थंड, गुळगुळीत अंग आवळलं, चेंडू झालं. उलोमानं उचललं मात्र नाही. मनगटं सुनेच्या मुठीत, तो लांब श्वास येतोय का ते कान खाली लावून ऐकत ती तशीच बसून राहिली, आणि आम्ही सगळे अंगणात श्वास रोखून उभे होतो.