आधी तिचं सांग

डोळे मिटून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे पाचवीचे गुरुजी. कोणी बोलू लागलं की ते खिडकीच्या गजांना पाठ टेकून डोळे मिटत. नव्या मुलांना वाटे, झोपले. तेवढ्यात मंद आवाज येई, "हां बेटा, फिर?"

मुलांनो, निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. गुरुजींनी अर्धं आयुष्य उर्दूतून शिकवलेलं, आणि आता शाळा मराठी झालेली. वाक्याच्या मध्येच ते शब्द शोधत थांबत. आम्ही शब्द पुरवला की चक्क "मेहरबानी" म्हणत. म्हणूनच असेल, दुसऱ्याचं बोलणं ते फार जपून हाताळत.

त्यांच्या वर्गात बोलायचं, तर आपल्याआधी जो बोलला त्याचं म्हणणं पहिलं सांगावं लागे. त्याने "बरोबर" म्हटलं, तरच आपली पाळी. मला हा जाच वाटे. माझी जीभ वर्गात सर्वांत चुरचुरीत होती.

त्या वर्षी फुलंब्री गावाहून सखू आमच्या वर्गात आली. इथे शहरात, उस्मानपुऱ्यात मावशीकडे राहायची. पहिल्याच दिवशी तिच्या "व्हय"ला आम्ही हसलो, सर्वांत मोठ्याने मी. त्यानंतर ती गप्पच झाली. दिवाळीनंतर तिचे वडील दारात उभे राहिले.

"पोरगी तोंडच उघडत नाय म्हणत्यात, गुरुजी. गावाकडं नेतो. घरी कामाला तरी येईल."

"जरूर न्या. आज मात्र तास संपेपर्यंत बसा," गुरुजी म्हणाले. मग सखूकडे वळले. "बेटा, गावाहून आलीस तो दिवस सांग."

सखू जमिनीकडे पाहत पुटपुटली, "आई फाट्यापर्यंत आली व्हती. काईच बोलली नाय. मोटार निघाली तवा पदर हलवला."

गुरुजींनी माझं नाव घेतलं. मी ऐटीत उभी राहिले. "सखूला निरोप देताना तिच्या माउलीच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा..."

"नाय," सखू म्हणाली. "रडली नाय ती."

मी पुन्हा सांगितलं, "आई काही बोलली नाही. तिने हात हलवला."

"हात नाय, पदर!" आता सखूची मान वर होती.

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सांभाळत बोलले. सखूने जरा विचार केला. "व्हय. असंच."

तिचे वडील खाली मान घालून बसले होते. तास संपल्यावर ते उठले, फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "घे. दमली असशील, लेकी." सखूला त्यांनी नेलं नाही.

गुरुजी त्यांना मोटारस्टँडपर्यंत सोडायला निघाले. आम्ही खिडकीत गर्दी केली. कडुलिंबांच्या सावलीतून दोघे हळूहळू चालले होते. सखूचे वडील हातवारे करत एकसारखे बोलत होते, आणि गुरुजींची मान त्यांच्याकडे कललेली होती.

उन्हाळ्यात गुरुजींची पैठणला बदली झाली. पुन्हा भेट नाही. मला ते आठवतात ते असेच, पाठमोरे, कुणाचं तरी ऐकत दूर जाणारे.