डाव्या हाताचे अक्षर

आता जे लिहितो आहे ते आजवर माझ्या तोंडून एकाही माणसाने ऐकलेले नाही. बायकोने नाही, सख्ख्या भावाने नाही. लातूरच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल टाकून मी अर्धे आयुष्य दुसऱ्यांची गाऱ्हाणी कागदावर उतरवली, आणि प्रत्येक अर्जदाराला एकच गोष्ट बजावली — जे घडले ते क्रमाने सांगा, मधले गाळू नका. स्वतःचे मात्र मी मधलेच गाळत आलो. तुम्ही माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला आहात असे धरून चालतो. घाई असेल तर उठून जा. मी थांबवणार नाही.

प्रथम माझी ओळख. माझे शिक्षण नववीपर्यंत, तीही अपुरी. पण माझ्या मसुद्यात कानामात्रेची चूक काढणारा कारकून या जिल्ह्यात झाला नाही, हे मी तेव्हाही म्हणत असे आणि आजही म्हणतो. दुसरी एक गोष्ट लोक माझ्याविषयी सांगत, ती म्हणजे मला अक्षर ओळखता येते. एखाद्याविरुद्ध निनावी अर्ज गेला की तो माणूस कसाबसा त्याची प्रत मिळवून माझ्याकडे येई. मी चष्मा पुसून कागद उन्हाकडे धरी, आणि बहुतेक वेळा सांगी — हे अमक्याचे. माझा शब्द तिथे निकालासारखा मानला जाई. हे ध्यानात ठेवा. पुढे सगळे यावरच आले.

भूकंपानंतरची दोन-तीन वर्षे मी पडलेल्या गावांतल्या लोकांचे अर्ज लिहिले. कोणाचे घर यादीत नाही, कोणाचे नाव चुकले आहे, कोणाची मेलेली माणसे कागदावर अजून जिवंत आहेत. हे सगळे ऐकता ऐकता माझ्या मनात आले की, यावर कादंबरी लिहावी; आणि ती मीच लिहावी, कारण माझ्याइतके कोणी ऐकलेले नाही. अर्जाच्याच लांब कागदांवर मी ती सुरू केली.

आता एक गोष्ट सांगायची आहे आणि हात अडतो आहे. माझी बायको गोदावरी हिचे माहेर औशाकडचे. तिची आई त्या पहाटे घरासकट गेली. त्या घरातून जिवंत निघाले ते एक कुत्र्याचे पिल्लू. म्हातारी त्याला नुसतेच ‘पिल्या’ म्हणे. गोदाने ते पदरात गुंडाळून लातूरला आणले. पुढे ते गुडघ्याएवढे झाले, तोंडावरचे केस पांढरे झाले, तरी नाव तेच राहिले. त्या घराविषयी मी कादंबरीत चार प्रकरणे लिहिली — आणि बायकोला एकदाही विचारले नाही की, तू तिथे पोचलीस तेव्हा काय पाहिलेस? परक्यांना मी तासन् तास विचारत होतो. तिला का विचारले नाही? ती आपणहून बोलत नाही, म्हणजे माझ्यापासून काहीतरी लपवते आहे, असे मी ठरवून टाकले होते.

मग शिकवण्यांचे दिवस आले. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. हदगाव, देगलूर, चाकूर, कुठकुठची मुले डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातुरात खोल्या घेऊन राहू लागली. गोदाने घरीच खाणावळ सुरू केली. संध्याकाळी पाचपासून अंगणात डब्यांची रांग लागे. तिला मदत असे ती शेजारच्या रझियाबीची. रझियाबी म्हणजे युसूफ टेलरची बायको. त्यांचे घर तीन पिढ्यांपासून तिथेच; आमच्या दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. या भिंतीच्या अलीकडे गोदा भाकरी थापायची, पलीकडे रझियाबी लसूण सोलायची, मेथी निवडायची. त्यांच्यात कुत्र्याला शिवत नाहीत, म्हणून तिने पिल्यासाठी एक वेगळी निळी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली भिंतीच्या टोकाला ठेवली होती. दुरूनच तुकडा टाकायची. पण एक दिवस चुकवायची नाही.

माझी लिहिण्याची वेळ चार वाजताची. कचेरीतून येऊन मी पुढच्या खोलीत बसे, पेनाचे टोपण काढी — आणि नेमका तेव्हाच पिल्या भुंकू लागे. योगायोग? मला नाही वाटले. रस्त्यावरून जड गाडी गेली आणि जमीन जराशी थरथरली की तो भुंकत असे, हे आता कळते. तेव्हा वाटे, याला कोणीतरी शिकवले आहे. भिंतीपलीकडून आवाज येई, “भौंक नक्को रे पिल्या, साहब किताब लिखरैं.” आणि अलीकडून गोदा म्हणे, “लिहू द्या त्येंला. भूकंपानं जेवढं सोडलं तेवढं पाडायलेत.” दोघी हसत. साधी थट्टा होती ती. पण मी ती कागदाच्या कडेला टिपून ठेवली, तारीख घालून. पुढे उपयोगी पडेल म्हणून. कशासाठी उपयोगी? कोणापुढे सादर करणार होतो मी ती?

मी कादंबरीच्या कागदांच्या बस्त्याला दोरा बांधताना गाठ कशी मारली ते लक्षात ठेवू लागलो. पाने मोजून ठेवू लागलो. बायको दुपारी रझियाबीला माझे लिखाण वाचून दाखवते आणि दोघी हसतात, अशी माझी खात्री होत चालली. गोदा चौथी शिकलेली; बोट ठेवून, अक्षर लावून वाचते. तिला माझे एक पान वाचायला दुपार पुरली नसती. पण संशयाला हे हिशेब सुचत नाहीत.

एके दिवशी अकरा पाने कमी भरली. गोदाच्या आईच्या घराच्या चार प्रकरणांपैकीच एक. मी घर उलटेपालटे केले, गोदाला विचारले. ती पीठ मळत म्हणाली, “तुमच्या कागदाला हात कोन लावतंय? मला माझा स्वयंपाक हाय.” मी अंगणात गेलो. पिल्या भिंतीशी पडला होता, आणि त्याच्या पंजाखाली फाडलेल्या कागदाचे तुकडे होते.

इथे थांबून एक कबूल करतो. मी ते तुकडे उचलून पाहिले नाहीत. वाकलो असतो तर दिसले असते की कागद छापील आहे — कुठल्याशा क्लासची जाहिरात. मी वाकलो नाही. मला जे हवे होते ते मिळाले होते, आणि ते तपासून पाहण्याची मला इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बाकीचे अर्जनवीस जेवायला गेले असताना, मी माझ्याच टेबलावर नगरपालिकेला एक अर्ज लिहिला. डाव्या हाताने. अक्षरे वेडीवाकडी, डावीकडे कललेली पडली. भाषा मुद्दाम बिघडवली, ऱ्हस्व-दीर्घ उलटे केले — आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला दुःख झाले ते तेवढ्याच गोष्टीचे. मजकूर असा की, अमक्या गल्लीतील खाणावळीतले काळे कुत्रे पिसाळलेले असून त्याने दोन मुलांना चावा घेतला आहे, तरी तात्काळ बंदोबस्त व्हावा. खाली सही नाही. ‘एक त्रस्त नागरिक’.

पिल्याने जन्मात कोणाला चावा घेतला नव्हता.

पाचव्या दिवशी पालिकेची कुत्री पकडणारी गाडी आली. मी कचेरीत होतो. घरी आलो तेव्हा खुंट्याला साखळी होती, कुत्रा नव्हता. चूल विझलेली, मुले रिकामे डबे घेऊन उभी. गोदा पालिकेत गेली होती. ती परत आली आणि हातपाय न धुता माझ्यासमोर बसली. पिल्याला संपवले होते. तिला तो दाखवलासुद्धा नाही. पण तिथल्या एका निरीक्षकाचा पुतण्या आमच्या खाणावळीत जेवायचा, त्या ओळखीवर तिने अर्ज मागून आणला होता. तिने तो माझ्यापुढे ठेवला.

“तुमाला समद्यायचं अक्षर वळखू येतंय म्हणताव. ह्ये कुनाचं हाय तेवढं सांगा.”

आतापर्यंत सांगितले ते नीच होते; पण त्यामागे राग तरी होता. यापुढचे थंड डोक्याने केले. मी चष्मा काढला. पुसला. कागद उजेडाकडे धरला, नेहमी धरतो तसा. मी काय म्हणू शकलो असतो? ‘ओळखू येत नाही’ — एवढे तीन शब्द पुरे होते. पण ओळखू येत नाही असे मी आजवर कोणापुढे म्हटले नव्हते. आणि ती माझ्याकडे बघत होती, कागदाकडे नाही. मला भीती वाटली की गप्प राहिलो तर तिला कळेल.

मी म्हणालो, “नाव घेणे बरे नव्हे. पण रेघ बघ. उजवीकडून ओढलेली आहे. ज्याचा हात पहिल्यांदा उर्दूवर बसला, त्याचे मराठी अक्षर असे पडते.”

तिने रेघेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, “युसूफभाईंची शाळा उर्दूचीच की.” आणि पुढे म्हणाली, “तुमच्या वडलांचीबी उर्दूतच झाली व्हती.” निजामाच्या काळात आमच्याकडे सगळ्यांचीच शाळा तशी होती. एवढेच म्हणून तिने कागदाची घडी घातली आणि आत गेली. ते वाक्य तिने का म्हटले? सहज? की मला एक दार उघडून दिले होते? इतकी वर्षे मी त्या वाक्याची उलटतपासणी करतो आहे.

मी नाव घेतले नाही, या गोष्टीचे मला पुष्कळ दिवस समाधान होते. कोणी विचारलेच तर म्हणता येईल — मी कोणाचे नाव घेतले? कागदावर पकडता येणार नाही असे खोटे बोलणे हाच तर माझा धंदा होता.

त्या दिवसापासून गोदा भिंतीजवळ गेली नाही. लसूण स्वतः सोलू लागली. पहिले काही दिवस रझियाबी भिंतीपाशी येऊन, निवडलेली भाजी हातात धरून उभी राही. हाक मारी, आणि आतून उत्तर येत नसे. एकदा तिने मला दारात गाठले. “साहब, भाभी मेरेसे बात नै करते. मेरा कुछ चुक्या क्या? कुत्ते का दुख है, मेरे कू मालूम. मैं भी दो दिन खाना नै खाई.” मी म्हणालो, “बायकांच्या गोष्टीत मी पडत नाही.” ती हसल्यासारखे करून गेली.

आणि अकरा पाने? दीड महिन्याने ती परत आली. सरकारी लिफाफ्यातून. नुकसानभरपाईच्या एका प्रकरणाला माझ्याच हाताने, माझ्याच टाचणीने ती जोडली गेली होती; सारखे कागद, सारखी शाई, सारखे अक्षर. वर कारकुनाचा शेरा होता: ‘सोबतची पाने प्रकरणाशी संबंधित नाहीत. परत.’ मी लिफाफा टेबलाच्या खणात टाकला आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणालो, “हं, पुढे सांगा.” त्या दिवशी घरी जाऊन सांगता आले असते. भिंत तिथेच होती, दोघी जिवंत होत्या. मी घरी जाऊन चार वाजता लिहायला बसलो. घर शांत होते. मला हवे होते तसे.

पुढे युसूफभाईंनी दुकान नांदेडला हलवले. जायच्या दिवशी ती निळी ताटली घासून, पुसून रझियाबीने आमच्या पायरीवर ठेवली. गोदाने ती उचलून माळ्यावर टाकली. फेकली नाही. तो अर्जही तिने फेकलेला नाही. तो तिच्या पत्र्याच्या पेटीत, आईच्या एकुलत्या फोटोखाली आहे. ती बाजाराला गेली की मी पेटी उघडून बघतो, अजून तिथेच आहे का. का ठेवला असेल तिने? कोणाच्या अक्षराशी जुळवून बघण्यासाठी? माझ्या हिशेबाच्या वह्या तिच्याच हाताखाली असतात. पण त्या उजव्या हाताच्या आहेत.

कादंबरी पुरी झाली नाही. बस्ता बांधलेला आहे. त्याची गाठ आता मी लक्षात ठेवत नाही.

गेल्या महिन्यात खाणावळीतल्या नांदेडच्या एका मुलीने सहज सांगितले की, रझियाबी वारल्या. गोदा तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. भाकरी करपली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “जावं का वो नांदेडला? भेटून येऊ का युसूफभाईला?”

मला पुन्हा एकदा विचारले गेले होते. तोच त्या अक्षराचा प्रश्न, दुसऱ्या शब्दांत. मी म्हणालो, “तुझ्या मनावर आहे.”

ती गेली नाही.

माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी विनंती असे. या कागदाच्या शेवटी ती नाही. वरील मजकूर मी माझ्या उजव्या हाताने लिहिला आहे. वाचून पाहिला. बरोबर आहे.