डावीकडचं बटण

चांगली नोकरी सोडून स्वतःचं स्वयंपाकघर टाकायचं खूळ माझंच. दुबईतल्या अल क्वोज भागात गाळा घेतला, लायसन काढलं, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीही घेऊन बसले. भट्टीवरचा धूर ओढणारा स्टीलचा हूड बसला की पालिकेची तपासणी, आणि मग शटर वर. हूड, दोन टेबलं आणि सिंक बनवायला दिलं ते जवळच्याच शेडमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्या एका सांगलीकडच्या माणसाला. एकवीस हजार दिरहम आगाऊ मोजले. म्हणजे पाच लाख! पण माणूस मराठी बोलला की आमची अक्कल पाघळतेच.

मापं घ्यायला आला तेव्हा मी वहीत आकडे लिहून घेत होते. "ताई, तुम्ही डावऱ्या का?" त्याने विचारलं. "मग हूडचं बटण डावीकडे घेतो. सगळे उजवीकडेच देतात." याच हाताने पोळी लाटली म्हणून आईने उलथनं मारलं होतं, आणि हा परका माणूस त्याच्यासाठी बटण हलवायला निघाला होता.

इथल्या रीतीप्रमाणे त्याने तेवढ्याच रकमेचा सही केलेला चेक तारण म्हणून दिला. काम झालं नाही तर बँकेत टाकायचा. वटला नाही तर पुढे कोर्टाचं काम बरंच सोपं होतं म्हणे. आता मी काय करावं? धंद्याचा पहिला कागद म्हणून तो देवापुढे ठेवला आणि ओल्या कुंकवाचं बोट लावलं. नेमकं सहीवर.

दोन महिने झाले. हूड नाही, टेबलं नाहीत, फोनवर नुसतं "इन्शाल्ला ताई, पुढच्या आठवड्यात". मग फोनही बंद. चेक घेऊन बँकेत गेले, तर खिडकीतल्या मुलीने तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. सहीच दिसत नाही म्हणून घेतला नाही. घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "अक्षता कशाला राहिल्या? त्याही टाकायच्या होत्यास." लेक लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "मॉम, जस्ट सू हिम!" हिच्या बापाचं काय जातंय?

बर दुबईतल्या वकीलबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. "केस तो आप जीत जाएंगी, मॅडम. लेकिन वसूल किससे करेंगी? पहले देखिए उसके पास है क्या." फी, कोर्टाचा खर्च, कागदांचं अरबी भाषांतर, सगळं मिळून नऊ हजार. दोन लाखांच्या वर. माझ्याकडे उरले होते अकरा हजार. त्यात एक तर केस होणार होती, नाही तर जुनापाना हूड घेऊन दिवाळीआधी स्वयंपाकघर. दोन्ही नाही.

मग मी त्याच्याकडे काय आहे ते बघायला निघाले. खरं सांगते, राग होताच, पण दुसऱ्या दिवसापासून मजाही वाटू लागली. एका माणसाचं जगात स्वतःचं असं काय असतं, हे मी कधी शोधलंच नव्हतं. वहीत यादी केली. शेडला कुलूप, आणि शेड भाड्याची. पत्रा वाकवायचं मशीन? शेजारचा टायरवाला म्हणाला, तेही भाड्याचं. पिकअप? ती मेव्हण्याच्या नावावर. राहायला शारजात एका खोलीत सहा जण, त्यातली एक खाट. सगळीकडे फुली मारता मारता मला उगाच वाटलं, आपलीही अशी यादी करून बघावी. फ्लॅट भाड्याचा, गाडी बँकेची... पुढे लिहिलं नाही मी.

टायरवाल्याने त्याचा नवा नंबर दिला. लावला. त्याने उचलला आणि माझा आवाज ओळखला.

"ताई, केस करा. मी काही म्हणणार नाही. तुमचे पैसे आधीच्या देण्यात गेले. पण हूड झाला होता. भाडं थकलं म्हणून शेडवाल्याने इतर सामानाबरोबर उचलून विकला."

"झाला होता म्हणे!" मी ओरडले. "थापा मारायच्या तर जरा बऱ्या तरी मारा!" आणि फोन ठेवला.

केस की हूड, हे ठरत नव्हतं. निदान भाव तरी बघावा म्हणून हॉटेलांचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानांत फिरू लागले. तिसऱ्या दुकानात, मागच्या भिंतीला, जुन्या फ्रीजच्या आड एक कोरा करकरीत हूड उभा होता. वाकून पाहिलं. बटण डावीकडे.

आत डोकं घातलं तर पत्र्यावर काळ्या मार्करने लिहिलेलं: "ताई. बटण डावीकडे. विसरू नको." त्याने स्वतःलाच बजावलं होतं. मी तिथेच, त्या धुळीत, घळाघळा रडले. दुकानदार घाबरला. तरी भावात हलला नाही हं, मेला. "चार हजार, मॅडम. खलास." माझाच हूड मी दुसऱ्यांदा विकत घेतला.

केस केली नाही. त्याला देवमाणूस म्हणणार नाही मी. माझे पैसे दुसऱ्याच्या देण्यात घातले ते घातलेच, आणि ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पण नऊ हजार घालून मी कोर्टाकडून मिळवणार काय होते, त्याची खाट?

गाळ्यात हूड उतरवल्यावर फोन लावला. त्याने उचलला.

"बटण डावीकडेच आहे," मी म्हणाले.

पलीकडून हुंदका आला.

"रडू नका," मी डाफरले, आणि माझाच आवाज फाटला. "उद्या सकाळी बसवायला या. आणि मजुरी मिळायची नाही, सांगून ठेवते."