मराठीतलं नाव

सिपोरा वाकरूळकरचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "हेमा, स्कूटर काढ. वही पुरायला नेली," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. कणीक तशीच टाकून मी निघाले.

सदाशिव पेठेतल्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. मी व्याकरण, ती कविता. साहजिकच मी नावडती. ती बेने इस्रायल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले ज्यू, ते हे. "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" असं कुणी फार कौतुकानं विचारलं की ती म्हणायची, "पेण तालुका. आपण?"

निवृत्तीनंतर बायका भिशी लावतात, हिनं कागद जमवायला घेतले. समाजातलं एखादं घर इस्रायलला निघालं की ही दारात हजर. पत्रं, लग्नपत्रिका, मराठी प्रार्थना. "तिकडे हे वाचणार कोण?" म्हणत लोकही देऊन टाकायचे. चौदा वर्षांत तीन कपाटं भरली. त्यात सगळ्यांत मोलाची तिच्या आजोबांच्या कीर्तनांची वही. योसेफ, मोशे, दावीद राजा यांची एकेचाळीस आख्यानं, साक्या-दिंड्यांसकट, आणि कुठेही न छापलेली. दोन महिन्यांपूर्वी तिच्याकडे नळ फुटला, वही भिजली आणि पानं एकमेकांना चिकटली. फोटो काढायचीही सोय राहिली नाही. बुधवार पेठेतला बाइंडर म्हणाला, "कोरड्या जागी ठेवा. पुढच्या महिन्यात एकेक पान सोडवू. घाई केलीत तर लगदा होईल."

कोरडी जागा म्हणून तिनं प्रार्थनालयातलं सागवानी कपाट निवडलं आणि वही नेमकी खालच्या खणात ठेवली. जीर्ण ग्रंथांचा खण तो. देवाचं नाव असलेला ग्रंथ फाटला तरी हे लोक टाकत नाहीत, जाळत नाहीत. माणसाला पुरावं तसं कापडात गुंडाळून कबरस्तानात पुरतात. त्या रविवारी पुरण्यासाठी तो खण रिकामा केला, त्यात वहीही गेली. चूक तिचीच होती, आणि स्कूटरवर मागे बसून ती तेच पुटपुटत होती.

आम्ही पोचलो तेव्हा गाठोडं खड्ड्यात उतरवलेलं होतं. चार-सहा माणसं फावडी घेऊन उभी. दानिएल चेऊलकर पुढे होते, वय शहाऐंशी, समाजातले सगळ्यांत वडीलधारे.

"दानिएलकाका, थांबा! माझी वही आहे त्यात."

सगळे थांबले. दानिएलकाकांनी तिला दम खाऊ दिला.

"खाली ठेवलेलं वर काढत नाहीत, सिपोरा. तुला ठाऊक आहे."

"चुकून गेली ती."

"त्यात देवाचं नाव आहे का? हिब्रूत?"

"हिब्रूत नाही. सगळं मराठी आहे."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "मग झालं तर. मराठीतला 'देव' म्हणजे ते नाव नव्हे, साधा शब्द आहे, असं तू सगळ्यांसमोर सांग. म्हणजे वही पवित्र नाही, आणि आपण ती काढू."

मला हायसं वाटलं. एक वाक्य तर बोलायचं होतं. पण सिपोरा बोलेना. खड्ड्याकडे बघत राहिली. बोल ना गं बाई, चौदा वर्षांचा जीव आहे तुझा त्यात! मला इतका राग आला की तिच्या दंडाला चिमटा काढला.

"माझी आई गेली तेव्हा हिब्रू नाही बोलली," ती शेवटी म्हणाली. "'देवा' म्हणाली. तो साधा शब्द होता, असं मी कशी म्हणू?"

तिनं वाकून मूठभर माती उचलली.

"नाव आहे त्यात. पानोपानी आहे. पुरा."

पहिली मूठ तिनंच टाकली. मी नाही टाकली. मला रडू फुटलं होतं आणि तिचा संतापही आला होता. खड्डा भरायला पंधरा मिनिटं लागली.

माणसं पांगली, तरी दानिएलकाका तिथेच काठी टेकून उभे होते. "मला त्यातली अकरा येतात," ते म्हणाले. "लहानपणी तुझ्या आजोबांच्या मागे झांज धरायचो मी. सगळी नाही येत. अकरा."

सिपोरा तिथेच मातीत बसली. तिच्या पर्समधली कोरी वही काढून मी लिहायला बसले. काका जुन्या चालीवर म्हणू लागले. आवाज चिरका, मधेच दम लागायचा, आणि तिसऱ्या कडव्याला ते अडले. आम्ही वाट पाहिली. आठवलं नाही. तेवढी जागा मी कोरी सोडली.

घाईघाईत माझ्याकडून दोन ओळी उलटसुलट झाल्या. नव्यानं लिहावं म्हणून मी पान फाडायला धरलं, तोच सिपोरानं माझं मनगट घट्ट पकडलं.

"फाडू नकोस, हेमा. नाव लिहिलंयस तू त्यावर."