टाळ्या वाजवून बसलो

कुरडईचा चीक शिजल्याचा वास आला की मला अकोल्याची आमची गच्ची आठवते. शेजारच्या बायांसोबत कुरडया घालता घालता लेक इंग्रजी बोलायचा सराव करत होती आणि मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालेला मी तिचा परीक्षक! ‘प्लॅन’, ‘बुकिंग’, ‘पॅकिंग’ असले शब्द वापरत तिने इंग्रजीत सांगितलं, बंगळुरूला नोकरी लागली, तिकीट काढलं, सोमवारी निघणार. सरावाचीच वाक्यं समजून ‘फस्क्लास!’ म्हणत मी टाळ्या वाजवल्या. ‘बाबा, हे खरंच आहे. मराठीत सांगाची हिंमत नव्हती होत.’ मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, तर शेजारीण म्हणाली, ‘भाऊजी, टाया वाजवून बसले न, आता नाई कसे म्हनता?’ हल्ली पाहुण्यांना मी ऐटीत सांगतो, पोरीला मीच पाठवलं.