निंबाची गाडी बंद पडली नव्हती

चोपड्याकडे अजून लोक म्हणतात, निंबाची गाडी ऐन गोळीबारात बंद पडली म्हणून तो गेला. साफ खोटं. मी त्या गाडीत होतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशा लोकांचा मला संताप येतो, आणि फौज सोडून सिव्हिलमध्ये आल्यापासून मला आवरायला कोणी सुबेदार नाही.

तेव्हा माझी पोस्टिंग काश्मीरमधल्या एका डोंगरी रस्त्यावर होती. जागेचं नाव लिहीत नाही, तेवढी शिस्त अजून अंगात आहे. मी धुळ्याचा, हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. रोजचं काम ठरलेलं. उजाडता गाड्या स्टार्ट, तेल, पाणी, टायर, ब्रेक. मग रेशन आणि दारूगोळा घेऊन कॉन्व्हॉय वरच्या पोस्टांकडे निघायचा. नायक निंबा ड्रायव्हर, चोपड्याजवळच्या खेड्यातला, केळी लावणाऱ्या घरचा. चारचौघांत मला ‘उस्ताद’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘भाऊ’. अहिराणी बोलायला मिळावं म्हणून माझ्याकडे येऊन बसायचा आणि डोकं खायचा. मला ते आवडायचं.

त्याच्या जुन्या डिझेल ट्रकला एक आवाज लागला. भरलेली गाडी, चढ, सेकंड गिअर, की खालून धब-धब. गाड्यांच्या पार्कमध्ये रिकामी फिरवली की गप्प. मी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली आणि एकेक इंजेक्टर ऐकला. ठीक होते. गिअरबॉक्स ठीक, स्प्रिंगच्या पाट्या धरणारे शॅकलही ठीक. शेवटी भरल्या गाडीत मागे पालथा पडलो, फळीला कान लावला आणि निंबाला चढावर घ्यायला सांगितलं. आवाज बरोबर मधोमध येत होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा प्रोपेलर शाफ्ट असतो. त्याला मध्ये आधार देणारं एक बेअरिंग असतं आणि बेअरिंगभोवती रबर. ते रबर सडलं होतं. लोड आला की शाफ्ट उडायचा आणि आपटायचा.

बेअरिंग मागवलं. आलं नाही. आणि एक दिवस आवाजच बंद झाला. आपोआप गेलेल्या आवाजावर मेकॅनिकने विश्वास ठेवू नये. मी गाडीखाली शिरलो. रबराच्या जागी तेलात भिजवलेली गोणपाटाची पट्टी, पीळ देऊन गच्च भरलेली.

“अरे येड्या, बैलगाडी आहे का ही?” मी ओरडलो.

“बेअरिंग येस तोपर्यंत टिकी, भाऊ. आबानी शिकाडेल शे.”

आबा म्हणजे त्याचे वडील. बैलगाडीचं चाक ढिलं पडलं की ते अशीच पट्टी भरायचे.

“आणि गाठ कुठाय?”

“गाठ तुटस. पीळ घट्ट व्हस.”

टोक त्याने पिळातच आत खोवलं होतं. शाफ्ट जितका हादरे, तितका पीळ आवळत जाई. शिव्या घातल्या, पण पट्टी काढली नाही. काढून लावायला माझ्याकडे होतं काय? कॉन्व्हॉय कमांडर सुबेदार साहेबांना खरं ते सांगितलं. गाड्या कमी होत्या. ते म्हणाले, “गाड़ी जाएगी. तू साथ जाएगा.” संध्याकाळी निंबाने घरी फोन करून आबांना सांगितलं की तुमची पट्टी फौजेच्या गाडीला लागली. पोरगा नुसता फुगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी मागे, रेशनच्या पोत्यांमध्ये. आमच्या पुढच्या गाडीत लान्स नायक बलबीर आणि शिपाई थंगराज होते, आणि त्याच गाडीच्या मागच्या भागात प्रोटेक्शनचे चार जवान. वळणावर ती गाडी उचलली गेली. केबिनच्या मागच्या खिडकीतून ती आधी हवेत दिसली, मग धमाका ऐकू आला. आमच्या काचा फुटल्या. आमच्या गाडीसमोर रस्त्यावर एक बूट पडला. त्यात पाय होता.

लगेच वरच्या झाडीतून फायर आला. ताडपत्री फाटत होती, पोत्यांतून तांदूळ सांडत होता. बलबीर आणि थंगराज जागीच गेले होते. चार जवान जिवंत होते. निंबा आणि मी सरपटत गेलो आणि त्यांना कॉलर धरून ओढत आणून आमच्या गाडीत चढवलं. एकाचा जबडा उघडा पडला होता. एकाची मांडी फाटून रक्ताची धार लागली होती. ती मी माझ्या पट्ट्याने आवळली. तो मला आईवरून शिव्या देत होता. दे बाबा, म्हटलं, देत राहा.

मी रेडिओवरून मागच्या गाडीतल्या सुबेदार साहेबांना कळवलं.

“अल्फा वन, कॉन्टॅक्ट. दो शहीद, चार जख्मी. ओव्हर.”

“गाड़ी निकालो. पोस्ट तक. रुकना नहीं. आउट.”

पुढे जळती गाडी आडवी होती. निंबाने बंपर लावला आणि तिला दरीत ढकललं. त्या झटक्याने पट्टी हलली, आणि चढ लागताच खालून तोच आवाज आला. धब. धब.

या चढावर शाफ्ट तुटला तर गाडी मागे दरीत जाणार, आम्हा सहा जणांसकट. थांबलो तर वरचे टिपून मारणार. मी पालथा पडलो. फळीवर रक्ताचं थारोळं होतं, कान त्यातच ठेवला. आवाज होता, पण वाढत नव्हता. पट्टी धरून होती.

केबिनच्या मागच्या खिडकीतून ओरडलो, “निंबा, सेकंड सोडू नको! क्लचला पाय लावू नको! ॲक्सिलरेटर जिथे आहे तिथेच ठेव!”

“हाव, भाऊ!”

तेवढ्यात केबिनच्या दारावर गोळ्यांचा एक बर्स्ट बसला. एक गोळी फळी फोडून माझ्या गुडघ्यात शिरली. पण गाडीला हिसका बसला नाही. इंजिनाचा सूर होता तसाच राहिला.

“निंबा, लागलं का रे?”

उलट त्यानेच विचारलं, “भाऊ, पट्टी टिकी का?”

“टिकी! चल तू!”

पोस्टच्या गेटमधून गाडी आत शिरली आणि वाळूच्या पोत्यांवर जाऊन अडली. दार उघडलं तेव्हा निंबाचा डावा हात पोटावर होता, आणि पोट हातात मावत नव्हतं. उजवा हात स्टिअरिंगवर. पाय ॲक्सिलरेटरवरून दोघांनी मिळून काढला. तो गेला होता. मी त्याचं नाव घेऊन ओरडत होतो, आणि मला लाज वाटत नव्हती.

चौघंही जगले. मी हॉस्पिटलात अडकलो, त्याच्या पार्थिवाबरोबर गावी जाऊ शकलो नाही. पुढे एकदा भेटायला गेलो. आबांनी चहा पाजला, पण गाडीचा विषय काढला नाही. मला वाटलं, त्यांना सोसवत नसेल.

आता माझं धुळ्याला हायवेवर गॅरेज आहे. यंदा केळीने भरलेला एक जुना ट्रक आला. चालवत होता निंबाचा धाकटा भाऊ, शेजारी आबा. “तीन मेकॅनिक झाले, आवाज सापडत नाही,” भाऊ म्हणाला. मी जवळच्या लळिंगच्या चढावर गाडी घेतली. सेकंडला खालून तोच आवाज आला. धब. धब.

गॅरेजला येऊन खाली शिरलो. गोणपाटाची पट्टी, तेलात भिजलेली. गाठ नाही. टोक पिळात खोवलेलं. मी तिथेच पडून राहिलो. बाहेर यायचं धैर्य होईना.

आबा वाकून म्हणाले, “मीच बांधी. किती टिकस ते देखानं व्हतं. निंबानी फोनवर सांगं व्हतं ना. मंग तो गया. लोके म्हनतस, गाडी बंद पडनी.” त्यांचा आवाज फाटला. “मनीच पट्टीनी मारं का मना पोरले, भाऊ?”

इतकी वर्षं म्हातारा हे उरात घेऊन जगत होता, आणि मला वाटत होतं त्याला सोसवत नाही! मी बाहेर आलो, त्यांना टायरवर बसवलं आणि सगळं सांगितलं. बूट, रक्त, पोट, काही लपवलं नाही. सैनिकाच्या बापाला अर्धं सांगू नये.

त्यांनी एवढंच विचारलं, “टिकनी?”

“टिकली, आबा. पोस्टपर्यंत टिकली. चार पोरं त्यांच्या आयांकडे परत गेली.”

आबांनी टोपी काढून तोंडावर धरली. मी त्यांना रडू दिलं. मीही रडलो. मग गाडीला नवं बेअरिंग बसवलं. पट्टी फेकायला गेलो तर आबांनी माझ्या हातातून घेतली.

लान्स नायक बलबीर. शिपाई थंगराज. नायक निंबा. पहिल्या दोघांच्या गाडीचं काही उरलं नाही. निंबाची गाडी पोस्टवर पोचली तेव्हा सेकंड गिअरमध्येच होती. चोपड्याकडे कोणाला अजून शंका असेल, तर त्याला माझ्या गॅरेजला पाठवा.