नाव घेतलेली कोंबडी

देवाला मी रोज हात जोडत होते, पण त्याच्यावर भरवसा टाकत नव्हते. माझ्या वयाच्या बाईने असं लिहू नये, पण खोटं लिहून पुण्य मिळत नाही. मासेवालीशी बोलावं तसं मी देवाशी बोलत आले. इतकं दे, मग मी इतकं देईन. दिलंस की आधी उलटसुलट करून बघेन. घरातली तीन मरणं या डोळ्यांनी बघितली, त्यामुळे स्वभाव असा झाला असेल, किंवा तो जन्मापासूनच तसा असेल. तो कसा सुटला, निदान थोडा कसा सुटला, ते सांगायचं आहे.

लालबागला चाळीत तळमजल्यावर आम्ही तिघं राहतो. मी, मुलगा संतोष आणि सून रूपाली. संतोष विमानतळावर माल चढवायच्या खात्यात पाळीने कामाला जातो. चाळीची मागची बाजू आणि बंद पडलेल्या मिलची भिंत यांच्या मधे दहा-बारा हात रुंद जागा आहे. भिंतीपलीकडे आता टॉवर चढतो आहे, दिवसभर क्रेन करकरते. या जागेत एक उंबर आहे आणि त्याच्या बुडाशी एक काळा दगड. शेंदूर नाही, डोळे नाहीत, नुसता दगड. तो आमचा राखणदार. मिलमध्ये नोकरीला आलेल्या पहिल्या मालवणी माणसांनी तो बसवला, असं सासरे सांगायचे. प्रत्येक जागेला एक राखणारा असतो, तो आपल्या जागेवर फिरतो, त्याला वर्षातून एकदा त्याचा मान द्यायचा. आमचं शास्त्र एवढंच.

रूपालीची दोन मुलं पोटातच गेली होती. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पोरगी हसायचीसुद्धा बंद झाली, हसलं तर काही होईल अशी. मग मी राखणदाराला नवस बोलले. आमच्याकडे नवस बोलताना नुसतं 'कोंबडी देईन' म्हणतात. वेळ आली की कुठलीही धडधाकट कोंबडी चालते. मला वाटलं, देवाला हे बोलणं पोकळ वाटेल. व्यवहार पक्का असावा म्हणून मी पाळलेली काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, काखेत मारून नेली, दगडाला टेकवली आणि म्हटलं, "पोर सुखरूप हाताशी येऊ दे. ही बघ, हीच तुझी." हुशारी करायला गेले आणि चूक करून बसले. एकदा नाव घेऊन दाखवलेली कोंबडी बदलता येत नाही, विकता येत नाही, खाता येत नाही. आणि अंगात खोट असलेली कोंबडी देवाला चालत नाही.

रूपालीला सातवा महिना लागला आणि एका सकाळी मागच्या जागेतल्या खुराड्याखालची माती उकरलेली दिसली. आमच्याकडच्या घुशी मांजरांना भीत नाहीत. तलंग कोपऱ्यात पडली होती. डावा पाय मोडून उलटा वळला होता, पंखाखालचं मांस उघडं पडलं होतं. तिने आवाज केला नाही. डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला उचलते आहे तोच घरातून रूपालीची हाक आली. तिला अंगावरून लाल गेलं होतं.

डॉक्टरांनी तपासलं, सुया दिल्या, पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. पुढे काय होईल ते सांगता येत नाही, हेही सांगितलं. कोंबडीचं मी तिच्या कानावर जाऊ दिलं नाही. संतोषलाही बजावलं. शेजारची मंदा तेवढी मागे येऊन बघून गेली. ती आमच्याच गावाकडची, तोंडाने फाटकी.

"काय गो, हिचो रस्सो कर नि सुनेक पाज. देवाक दुसरी दी."

"नाव घेतलंय हिचा."

मंदाने आवाज खाली आणला. "हातात धरून?"

"दगडाक लावून."

"तुझ्या अकलेक काय घुशीन खाल्ल्यान?" असं म्हणाली, पण पुढे हसली नाही. जाताना तिने दगडाला हात जोडले आणि कोंबडीकडे पाठ न करता मागच्या पावलांनी गेली.

मी जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुतली, हळद खोबरेल तेलात कालवून भरली. फळवाल्याच्या करंडीच्या दोन कामट्या तासून पायाला लावल्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी आवळून बांधलं. माझी गाठ म्हणजे गाठ, गाद्या बांधताना चाळीतले लोक मला बोलवायचे. खुराड्याखाली फरशी घातली, मागच्या जागेच्या लोखंडी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. त्या जागेत जायला दुसरा रस्ता नाही. दोन-दोन तासांनी मी बोटाने पाणी पाजत होते, मऊ भाताची गोळी चोचीत सारत होते. माया म्हणून हे करत नव्हते. ती बरी झाली तरच मला तिचा गळा देवाला देता येणार होता.

घरात रूपालीचंही मी तसंच चालवलं होतं. घास मोजून भरवायचे, कुशीवर वळली तरी ओरडायचं, मोबाईल काढून घेतला, तिच्या आईलासुद्धा फार वेळ बसू दिलं नाही. मागे जाताना खोलीला बाहेरून कडी घालत होते, ती उठेल म्हणून. तीसुद्धा नुसती बघायची.

दुसऱ्या दिवसापासून मला जे दिसायला लागलं ते मी कोणाला सांगितलं नाही. कोंबडीने चोचीतला भात बाहेर टाकला की रूपालीला उलटी व्हायची. कोंबडीने थोडं पाणी घेतलं की रूपालीचा श्वास शांत व्हायचा आणि तिला झोप लागायची. मी स्वतःला म्हटलं, म्हातारे, दोघींची सेवा करून तुझं डोकं फिरलं आहे. तिसऱ्या दिवशी मी खुराडं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तासाभराने गेले तर कोंबडी आत वळून दगडाकडे तोंड करून बसली होती. मोडक्या पायाने ती कशी वळली, मला ठाऊक नाही. मी खुराडं पुन्हा फिरवलं. ती पुन्हा वळली. चौथ्या दिवशी रूपाली ग्लानीत पुटपुटली, "आई, डावा पाय गार पडलाय." मी चादर काढून बघितलं. पाय चांगला होता, ऊब होती. पण माझ्या हातातली चादर खाली पडली, कारण कोंबडीबद्दल तिला कोणी एक शब्द सांगितला नव्हता.

पाचव्या दिवशी भर दुपारी मी मागे गेले. बारा ते एक क्रेन बंद असते. मजूर जेवायला बसतात. त्या तासाभरात आमच्या मागच्या जागेत जी शांतता पडते ती मला कधीच आवडली नाही. गाव आठवतं, गावातली ती वेळ आठवते, जेव्हा आई आम्हाला पाणंदीत जाऊ देत नसे. कुलूप काढून आत गेले, फाटक मागे ओढून घेतलं, पुन्हा कुलूप घातलं आणि वळले. खुराड्यापाशी एक माणूस उकिडवा बसला होता.

म्हातारा होता. एवढ्या उन्हात खांद्यावर घोंगडी. बाजूला भिंतीला टेकून त्याच्या उंचीपेक्षा मोठी काठी. घामाचा टिपूस नव्हता. बिडीचा वास येत होता, पण हातात बिडी नव्हती. चाळीत कोणाकडे गावाहून आलेला असेल, असं माझ्या मनाने पटकन ठरवून टाकलं. जी कोंबडी माझ्याखेरीज कोणाला हात लावू देत नव्हती, तिने मान लांब करून त्याच्या तळहातावर ठेवली होती.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "इतक्या कित्याक आवळलंस? पाय मरत चल्लो तिचो."

मी म्हटलं, "नवसाची आसा बाबा. बरी करून देवची आसा."

"माझीच आसा ती. माझीच माका काय देतंस? सैल कर."

आवाज चढवला नाही. गावातला मोठा माणूस दुसऱ्याच्या लेकराला सांगतो तसं सांगितलं. मी गुडघे टेकून कोंबडीचा पाय हातात घेतला. कामट्यांखाली बोटं काळपट पडली होती, दगडासारखी गार. पाच दिवस मी फक्त जखम बघत होते, पायाकडे बघितलंच नव्हतं. माझीच गाठ मला सुटेना. शेवटी दातांनी तोडली. चिंधी सुटली तशी कोंबडीने पहिल्यांदा आवाज केला, माणसाने दुखून श्वास सोडावा तसा. थोड्या वेळाने त्या बोटांत ऊब येऊ लागली. ती ऊब माझ्या हाताला जाणवत होती. मी वर बघितलं तर समोर भिंत होती. काठी नव्हती, घोंगडी नव्हती. फाटकाचं कुलूप मी लावलं होतं तसंच होतं आणि किल्ली माझ्या पदराला होती.

यावर मी वाद घालणार नाही. कोणी म्हणेल उन्हाचा झटका. म्हणो. पाय मात्र मी आवळून मारत होते, ते खरं होतं.

मी नवी पट्टी बांधली, आत बोट सरकेल इतकी सैल. मग हात धुऊन घरात गेले आणि खोलीची कडी काढली. रूपाली जागी होती. मी तिला मोबाईल दिला, म्हटलं, "आईला बोलव तुझ्या. राहू दे इथेच आठ दिवस." तिने विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?" मला हसू आलं. तीही हसली, किती महिन्यांनी. त्या संध्याकाळपासून तिचं अंगावरून जाणं थांबलं. कोंबडी आठवडाभराने पाय टेकू लागली आणि महिनाभरात चाळीभर माती उकरत फिरू लागली. किंचित लंगडायची, बघणाऱ्याला कळलं नसतं.

रूपाली नववा लागता लागता बाळंत झाली. मुलगी. आकाराने लहान, पण आवाज इस्पितळाच्या सबंध मजल्यावर ऐकू गेला. परिचारिकेने बाहेर येऊन पोर दाखवली आणि सहज म्हणाली, "आजी, नाळेचे दोन वेढे होते पायाला. सैल होते म्हणून बरं." मी विचारलं, कुठल्या पायाला. ती म्हणाली, डाव्या. संतोष पेढ्यांचं काहीतरी बोलत होता. मी बाकावर जाऊन बसले.

आता नवस फेडायची वेळ आली आणि माझी झोप गेली. आयुष्यात शेकडो कोंबड्या मी बेधडक कापल्या. पण हिच्या मानेवर सुरी ठेवायची म्हटलं की पाळण्यातली पोर दिसायची. न द्यावी तर बोललेलं मोडतं, आणि दिलेला शब्द मोडल्यावर काय होतं तेही गावात बघितलेलं. संतोष म्हणाला, "आई, दुसरी दे ना. ही राहू दे, आपण पाळू." मंदा म्हणाली, "भिलंस तर मी कापतंय." दोघांचं ऐकलं असतं तर मीच पुन्हा देवाशी व्यवहार ठरवला असता. पोरीला सव्वा महिना झाल्यावर मी ठरवलं की ठरवायचंच नाही.

गावात एक रीत आहे. राखणदाराला जिवंत वस्तू सोडली की आपण निघायचं. त्याच्या जागेतून बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर आपण दिलंच नाही असं होतं, जीव अजून तिथेच अडकला असं होतं. दुपारी क्रेन थांबल्यावर मी कोंबडीला घेऊन गेले. नारळ ठेवला, उदबत्ती लावली. तिला दगडासमोर जमिनीवर उभी केली आणि दोन्ही हात काढून घेतले. म्हटलं, "काय करायचं ते कर. मारायची तर मार, ठेवायची तर ठेव. पोरीचंही तसंच." हे शेवटचं वाक्य बोलायला मला माझ्या सगळ्या वयाचं बळ लागलं. पण ते बोलून झाल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं, जे माझं लग्न होऊन मी या चाळीत आले तेव्हापासून तिथे होतं.

मी फाटकाकडे चालू लागले. वीस पावलंही नाहीत. मागे कोंबडी बोलू लागली. दाणे टाकल्यावर कोंबडी जो घशातल्या घशात आवाज करते, तो. मी एकही दाणा नेला नव्हता. मग मातीवर पावलं वाजली, सावकाश, जड माणसाची, आणि त्यांच्या मागे कोंबडीची. ती पावलं भिंतीच्या दिशेने गेली, जिथे जायला वाट नाही. मान वळवायची माझी इतकी इच्छा कधीच झाली नव्हती. माझ्यासारखी बाई, जी वाण्याच्या तराजूचा काटा पुन्हा बघते, ती फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली, डोळे मिटले आणि बाहेर पडली.

घरात पोर भुकेने रडत होती. रूपालीने तिला माझ्या मांडीवर दिलं आणि दूध पाजायची तयारी करायला उठली. मी पोरीला धरलं, घट्ट न धरता. आपल्या हाती जी वस्तू येते ती सांभाळायची, धुवायची, भरवायची, रात्रंदिवस तिच्यापाशी बसायचं. तेवढं काम आपलं. तिचं पुढे काय होणार ते ज्याची ती आहे त्याला ठाऊक. हे मला पन्नास वर्षं मिलच्या भिंतीला लागून राहूनही कळलं नव्हतं, एका जखमी जिवाने कळवलं. त्याबद्दल त्याला माझे हात जोडलेले आहेत. संतोषने त्या संध्याकाळी विचारलं, कोंबडीचं काय झालं. मी त्याला खरं सांगितलं. म्हटलं, मला माहीत नाही.